‘मामाजी आता भजनाला जात नाहीत’: उतारवयातला स्वभाव, संगीताची आवड आणि लपलेले आजार

“मामाजी आता भजनाले जातच नाही जी. घरीच बसून राहतात, कोणाशी बोलत नाही. म्हातारपणी स्वभावच बदलला त्यांचा.” चंद्रपूर-गडचिरोलीकडे दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला हे वाक्य नवीन नाही. बहुतेक वेळा ते बीपीच्या गोळ्या लिहून झाल्यावर, दाराशी जाता जाता सून बोलते. पण माझ्या मते त्या दिवशीच्या बीपीच्या आकड्याइतकंच हे वाक्य महत्त्वाचं असतं.

वीस-तीस वर्षं टाळ धरलेला माणूस मंडळात जाणं सोडतो, तेव्हा काहीतरी घडलेलं असतं. घरच्यांनी ‘स्वभाव’ असं निदान करून ठेवलेलं असल्यामुळे पुढची तपासणी होत नाही. स्वभावाने काय समजावता येतं, काय समजावता येत नाही आणि कुठे डॉक्टरची गरज लागते, ते या लेखात पाहू.

आपल्याकडचा ‘बँड’ म्हणजे मंडळ

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात १९९१ साली रॉय अर्न्स्ट या संगीतशिक्षकाने खास ज्येष्ठांसाठी ‘न्यू होरायझन्स’ नावाचा बँड सुरू केला. आयुष्यात कधी वाद्य हातात न घेतलेल्यांनाही त्यात प्रवेश होता. पुढे असे गट अनेक ठिकाणी निघाले. उतारवयात गटाने गाण्या-वाजवण्याचा तब्येतीशी आणि स्वभावाशी काय संबंध आहे, यावर तिकडे बराच अभ्यास झाला आहे.

आपल्याकडे ही सोय आधीपासून आहे, फक्त तिला आपण बँड म्हणत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजेरी हातात घेऊन विदर्भ पिंजून काढला. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. चिमूर तालुक्यातलं गोंदेडा आजही त्यांची तपोभूमी म्हणून ओळखलं जातं आणि १९४२ च्या चिमूरच्या उठावाशीही त्यांच्या भजनांचं नाव जोडलेलं आहे. त्या परंपरेतून आपल्या गावांत गुरुदेव सेवा मंडळं आली, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आली, खंजेरी भजनाच्या स्पर्धा आल्या. महिलांची मंडळं वेगळी असतात आणि बऱ्याच ठिकाणी ती दुपारी बसतात. झाडीपट्टीत दंडार आणि नाटकं आहेत. भामरागड-एटापल्लीकडे माडिया गावांत रेला आणि ढोल आहेत, तिथे तर गाणारे आणि ऐकणारे असे दोन वेगळे गटच फारसे नसतात.

म्हणजे साठी-सत्तरी ओलांडलेली पुष्कळ माणसं आठवड्यातून एकदा तरी चारचौघांत बसून गातात किंवा वाजवतात. डॉक्टरच्या नजरेने पाहिलं तर ही फुकटची तपासणीच आहे. तिथे ऐकू येणं, आवाज, श्वास, हाताची ताकद, स्मरणशक्ती आणि मन हे सगळं एकदम वापरावं लागतं. एखादी गोष्ट बिघडली की ती मंडळात आधी दिसते, दवाखान्यात नंतर.

स्वभाव म्हणजे नक्की काय?

मानसशास्त्रज्ञ स्वभाव मोजताना साधारण पाच गोष्टी पाहतात: नवं अनुभवायची ओढ, नेमस्तपणा, माणसांत मिसळण्याची आवड, मनमिळाऊपणा आणि चिंता करण्याची सवय. प्रत्येकात या पाचही असतात, कमी-जास्त.

संगीताची ओढ सगळ्यांत जास्त जुळते ती यातल्या पहिल्या गुणाशी. नवी चाल आवडणारा, ओळीचा अर्थ लागला की हरखणारा, दुसऱ्या गावच्या मंडळाची पद्धत ऐकून ‘आपणही असं करू’ म्हणणारा माणूस या गटातला. मंडळ टिकतं मात्र दुसऱ्या गुणावर. पाऊस असो की लग्नसराई, सतरंजी घालून ठेवणारा, पेटी पुसून ठेवणारा, वहीत भजनं उतरवून घेणारा एक नेमस्त म्हातारा नसेल, तर गोड गळ्याचे पाच गायक असूनही मंडळ वर्षभरात बंद पडतं. ‘ढोलकीवाला बोलका, पेटीवाला शांत’ अशा ठोकताळ्यांना मात्र फारसा शास्त्रीय आधार नाही.

आवडीचं थोडं वेगळं असतं. दहा ते तीस या वयात ऐकलेली गाणी माणसाच्या मनात सर्वांत घट्ट बसतात आणि उतारवयातही तीच जवळची वाटतात. त्यामुळे तरुण पोरांनी सिनेमाच्या चालीवर भजन बसवलं की ज्येष्ठ कुरकुरतात. हा हेकेखोरपणा नाही, आजार तर नाहीच. काही लोकांना तर संगीतातून आनंदच मिळत नाही. त्यांचे कान चांगले असतात आणि मनही ठीक असतं. शंभरात तीन ते पाच जण असे असावेत असा अंदाज आहे. आजोबा तरुणपणापासून कधीच भजनाला बसले नसतील, तर आता त्यांना ओढून नेण्यात अर्थ नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. वयानुसार स्वभाव बदलतो, पण सावकाश. सर्वसाधारणपणे माणूस उतारवयाकडे जाताना थोडा अधिक समजूतदार होतो. नव्याची ओढ आणि गर्दीची आवड थोडी कमी होते. हे बदल दहा-वीस वर्षांत होतात आणि दुसऱ्यांशी तुलना केली तर माणूस बराचसा पूर्वीसारखाच राहतो. गप्पिष्ट माणूस म्हातारा झाला तरी बरोबरीच्यांमध्ये गप्पिष्टच असतो. म्हणून काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दिसलेल्या बदलाला ‘स्वभाव’ म्हणून सोडून देऊ नका. त्याचं कारण शोधावं लागतं.

पहिला संशय कानावर घ्या

माझ्या अनुभवात मंडळ सोडण्याचं सर्वांत जास्त चुकणारं कारण म्हणजे कमी ऐकू येणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीपुढच्या चौघांपैकी एकाहून अधिक जणांना त्रासदायक इतका बहिरेपणा असतो. पण ‘मला ऐकू येत नाही’ असं कोणी म्हणत नाही. ‘आजकालचे लोक नीट गातच नाहीत’ असं म्हणतात.

वयाच्या बहिरेपणात बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. त्यामुळे ढोलकीचा घुमारा ऐकू येतो, पण शब्दांतले स, श, त, क निसटतात. भजन चालू आहे हे कळतं, कुठली ओळ चालू आहे ते कळत नाही. मग माणूस चुकीच्या जागी टाळ वाजवतो, बाजूचा वळून पाहतो, कोणी हसतं. दोन-तीनदा असं झालं की तो पाठीमागे बसू लागतो आणि पुढे येणंच बंद करतो.

यात आणखी एक गोम आहे आणि ती कळली नाही म्हणजे घरचे लोक गोंधळतात. कानातल्या आतल्या पेशी झिजल्या की हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र एकदम असह्य होतो. ऐकू येणं आणि सहन न होणं यांच्यामधली जागाच कमी होते. म्हणून आजोबा ‘मोठ्याने बोल’ म्हणतात आणि मोठ्याने बोललं की ‘ओरडतोस कशाला’ म्हणून चिडतात. मंडळात झांज वाजली की ती त्यांच्या डोक्यात जाते. लोकांना वाटतं म्हातारा चिडखोर झाला.

काय करायचं? आधी कानात मळ आहे का ते डॉक्टरकडून पाहून घ्या. काडी, किल्ली, गरम तेल यांतलं काही कानात घालू नका. मळ काढल्यावर पुन्हा नीट ऐकू येऊ लागलेले लोक पुष्कळ असतात. मळ नसेल तर कानाची मोजणी करावी लागते. ती कान-नाक-घसा विभागात होते, त्यासाठी जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात जावं लागेल. पूर्वी टीबीसाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं घेतली असतील तर ते आवर्जून सांगा, त्याने कान कायमचे खराब होऊ शकतात. मलेरियासाठी क्विनाइन चालू असताना कानात आवाज येत असेल किंवा कमी ऐकू येत असेल तर तेही सांगा. हा त्रास सहसा औषध थांबल्यावर जातो, पण औषध मनाने बंद करू नका. एका कानाने एकाएकी, म्हणजे तासा-दिवसांत, ऐकू येणं गेलं तर थांबू नका. त्यावर उपचार लवकर केले तरच उपयोग होण्याची शक्यता असते.

ऐकण्याचं यंत्र बसवलं आणि भजनात ते ‘कुई’ करतं, पेटी बेसूर वाटते, अशी तक्रार येते. ती खरी असते. ही यंत्रं बोलणं स्पष्ट ऐकू यावं म्हणून बनवलेली असतात. यंत्र बसवणाऱ्याला ‘हे भजनात वाजवतात’ एवढं सांगा. बऱ्याच डिजिटल यंत्रांत संगीतासाठी वेगळी सेटिंग करता येते. यंत्र ट्रंकेत ठेवून देण्यापेक्षा दोन चकरा जास्त मारलेल्या बऱ्या. खर्चाची अडचण असेल तर केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आणि राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना यांची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. दोन्हींत श्रवणयंत्राचा समावेश आहे. न सुधारलेला बहिरेपणा आणि एकटेपणा या दोन्ही गोष्टी डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत मोडतात, म्हणून ‘आता या वयात कशाला यंत्र’ हे म्हणणं मला पटत नाही.

मन उतरलं असेल तर

नैराश्य आहे का हे पाहण्यासाठी आम्ही आधी दोनच प्रश्न विचारतो. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास किंवा निराश वाटतं का? आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झाला आहे का? दुसरा प्रश्न नीट वाचा. भजनाची आवड गेली असेल तर त्याचं उत्तर मिळालेलंच आहे. आपल्याकडचे म्हातारे ‘उदास वाटते’ असं क्वचितच म्हणतात. ‘जीव लागत नाही’, ‘आंगात कस नाही’, ‘झोप येत नाही’ असं म्हणतात. जोडीदार गेल्यावर दुखवट्यापुरतं मंडळ बंद ठेवलं आणि वर्ष झालं तरी माणूस परत गेला नाही, असंही घडतं. दुःख आणि नैराश्य यांत फरक आहे. दुःखात माणसाला जुन्या सोबत्यांनी गायलेलं ओळखीचं भजन ऐकून रडू येतं, थोडं हलकं वाटतं. नैराश्यात बहुधा काहीच वाटत नाही.

याला उपचार आहेत आणि सत्तरीतही ते लागू पडतात. जगण्यात अर्थ नाही, मेलेलं बरं, अशी भाषा निघाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर दिवस-रात्र चालू असतो. त्याआधी थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि चालू असलेल्या गोळ्याही एकदा तपासून घ्याव्यात. मंद झालेली थायरॉइड हुबेहूब नैराश्यासारखी दिसते आणि आवाजही घोगरा करते.

विसरणं, आणि उलटा बदल

डिमेन्शियात जुनी गाणी बराच काळ शाबूत राहतात. नातवाचं नाव न आठवणारी आजी अख्खं भजन म्हणू शकते. त्यामुळे ‘भजन तर सगळं पाठ आहे, मग स्मरणशक्ती चांगलीच आहे’ हा निष्कर्ष काढू नका. नवं भजन बसतं का, एकच कडवं पुन्हा-पुन्हा म्हटलं जातं का, मंडळातून घरी येताना ओळखीची गल्ली चुकते का, वर्गणीचा हिशेब जमतो का, हे पाहा.

बदल उलट्या दिशेनेही होतो. आयुष्यभर शांत असलेला माणूस अचानक रात्री-बेरात्री मोठ्याने गाऊ लागतो, लोकांत नको ते बोलतो, किंवा कधीच न आवडलेल्या गाण्यांच्या मागे लागतो. मेंदूच्या पुढच्या भागावर परिणाम करणाऱ्या एका प्रकारच्या डिमेन्शियात संगीताची आवडच पालटलेली डॉक्टरांनी नोंदवली आहे. अंगात येणं, करणी वगैरेंच्या मागे लागून महिने घालवू नका. आणि हा बदल एक-दोन दिवसांत झाला असेल, माणूस असंबद्ध बोलत असेल, कधी गुंगीत तर कधी बेचैन असेल, तर ती तातडीची अवस्था समजा. लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, मलेरिया, साखर किंवा सोडियम कमी होणं, मे महिन्यात आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांत लागलेलं ऊन, यांतलं काहीही कारण असू शकतं.

हाताचं आणि गळ्याचं थोडक्यात सांगतो. टाळ हळू पडू लागला, अक्षर बारीक झालं, आवाज क्षीण झाला, एक हात कमी हलतो, तर पार्किन्सनची तपासणी करा. तीन आठवड्यांपेक्षा जास्त आवाज बसलेला असेल, विशेषतः खर्रा किंवा बिडी असेल तर घसा दाखवलाच पाहिजे. तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल तर तो खर्ऱ्याचाच परिणाम असण्याची शक्यता मोठी आहे आणि पुढे तिथे कर्करोग होऊ शकतो. भजनाच्या मध्यंतरात पानासारखा खर्रा फिरतो, हे मला कधीच समजलेलं नाही. ज्या महाराजांचं भजन म्हणतो, त्यांनी आयुष्यभर व्यसनाविरुद्धच सांगितलं.

मंडळात जाऊन खरंच फायदा होतो का?

इथे थोडं सांभाळून बोललं पाहिजे. २००३ मध्ये न्यूयॉर्कमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पंचाहत्तरीपुढच्या ४६९ लोकांकडे साधारण पाच वर्षं लक्ष ठेवलं. वाद्य वाजवणाऱ्यांत, नाचणाऱ्यांत, वाचन करणाऱ्यांत डिमेन्शिया कमी आढळला. २००६ मध्ये वॉशिंग्टनच्या एका अभ्यासात समूहगायनात जाणाऱ्या ज्येष्ठांना डॉक्टरकडे कमी जावं लागलं, पडणंही कमी झालं. पण ज्यांची तब्येत आणि उमेद मुळातच चांगली, तेच गाण्याला जातात असंही असू शकतं. ही शंका कमी करण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोत १२ ज्येष्ठ केंद्रांतल्या ३९० जणांवर प्रयोग झाला. कोणत्या केंद्रात गायन आधी सुरू करायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. सहा महिन्यांनी एकटेपणा कमी झाला, जगण्यातला रस वाढला. स्मरणशक्ती किंवा पायांची ताकद मात्र वाढलेली दिसली नाही.

तेव्हा भजनाने साखर उतरते, ब्लॉकेज जातात अशा मोबाइलवरच्या मजकुरावर विश्वास ठेवू नका, गोळ्या चालूच ठेवा. एकटेपणा कमी होणं हाच माझ्या लेखी पुरेसा मोठा फायदा आहे.

स्वभाव पाहून जागा द्या

आता स्वभावाचा खरा उपयोग येतो. लाजाळू आजीला एकदम पुढे बसवून ‘तुम्ही म्हणा’ असा आग्रह केला तर ती दुसऱ्यांदा येणार नाही. तिला टाळ द्या, मागे ओळ धरायला बसवा. चिंता करणाऱ्या, विसरण्याची भीती वाटणाऱ्याला मोठ्या अक्षरांत लिहिलेली वही द्या आणि चष्मा तपासून घ्या. कधी कधी अडचण मोतीबिंदूची असते. नवं शिकण्याची हौस असेल तर पासष्टीत पेटी शिकायला हरकत नाही. गर्दी न आवडणाऱ्यासाठी दोघा-तिघांनी कोणाच्या तरी ओसरीवर बसून म्हटलेलं भजनही चालतं. कमी ऐकू येणाऱ्याला पेटीजवळ, पण झांज आणि स्पीकरपासून लांब बसवा. आवाज ८५ डेसिबलच्या पुढे गेला की दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. छोट्या खोलीत भोंगा लावण्याची गरज खरंच असते का, हे मंडळाने ठरवावं. गुडघे दुखणाऱ्याला खुर्ची द्या. खाली बसता येत नाही म्हणून मंडळ सोडलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांनी ते कोणाला सांगितलेलं नव्हतं.

आपल्या भागात परत येण्याचा प्रश्न वेगळा आहे. जंगलालगतच्या गावांत अंधार पडल्यावर वाघ, रानडुक्कर, साप यांची भीती खोटी नाही. सत्तरीच्या माणसाने ‘रात्री जायला नको’ म्हटलं तर त्याला घाबरट म्हणू नका. वेळ अलीकडे आणा, किंवा तरुणांनी बॅटरी घेऊन म्हाताऱ्यांना घोळक्याने घरी सोडावं. झाडीपट्टीचं नाटक पहाटेपर्यंत चालतं. मधुमेहाचं इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण न चुकवता जावं आणि खिशात साखर ठेवावी. प्रसादाचा शिरा थोडा घ्यावा, नाही म्हणून कोणाचं मन मोडायचं कारण नाही.

घरचा कोणी मंडळात जायचा थांबला असेल तर डॉक्टरकडे जाताना चार गोष्टी लिहून न्या. कधीपासून जात नाही, त्या सुमारास घरात किंवा औषधात काय बदललं, टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो का, आणि झोप-भूक कशी आहे. शक्य झालं तर मंडळातल्या त्यांच्या सोबत्यालाही घेऊन या. घरच्यांना न दिसलेल्या गोष्टी बाजूला बसणाऱ्या टाळकऱ्याला बरेचदा माहीत असतात.